फ्लॅप उतरले नाहीत तर
सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरत) असताना फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, खाली आलेच नाहीत, तर पहिलं काम विमान नीट उडवत राहण्याचं. स्विचशी झटापट करत उतरू नकोस. गो-अराउंड घे, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा, उंची गाठ, टॉवरला सांग आणि मगच चेकलिस्ट काढ. पोरा, फ्लॅपशिवायही विमान उतरतं! स्टॉलचा वेग (ज्याच्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो) वाढतो, म्हणून अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे येणं, चेकलिस्टमध्ये दिलेल्या जास्त वेगानं करायचा. नाक नेहमीपेक्षा वर दिसेल, फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) विमान तरंगत राहील. त्यात आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर. वेगदर्शक दाखवतो त्यापेक्षा खरा वेग इथं साधारण ५ टक्क्यांनी जास्त असतो, त्यामुळे धावपट्टी भराभर संपते. पावसाळ्यात ती ओली असेल तर ब्रेकवर फार विसंबू नकोस. प्रशिक्षक शेजारी असतानाच हे मुद्दाम करून बघ, याच आठवड्यात.