बोलीवरून बालपण ओळखता येते का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पंचवीस वर्षांपूर्वी विदर्भ सोडला. नोकरीत आणि घरातही प्रमाण मराठीच बोलतो; 'मले', 'तुले' केव्हाच सुटले. परवा रेल्वेत एक गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहून राहिले होते. आमचे जेमतेम पाच मिनिटे बोलणे झाले आणि त्यांनी 'तुम्ही विदर्भातले का?' असे विचारले. मी तिकडचा एकही शब्द वापरला नव्हता, याची मला खात्री आहे. मग त्यांनी कशावरून ओळखले?

उत्तर : गाडीत तुम्ही काय बोललात ते आम्ही ऐकलेले नाही, परंतु तुमचे पत्र आमच्यासमोर आहे आणि त्यातच उत्तर दडलेले आहे. 'माझ्याकडे पाहून राहिले होते' हे वाक्य तुम्ही अगदी सहज लिहिले आहे. पुण्यात किंवा साताऱ्यात वाढलेल्या माणसाने तेथे 'पाहत होते' असे लिहिले असते. 'पाहून' आणि 'राहिले' हे दोन्ही शब्द सर्वत्र चालणारे आहेत, कोणत्याही शब्दकोशात ते प्रादेशिक म्हणून नोंदलेले आढळणार नाहीत, आणि नेमके त्यामुळेच ते तुमच्या पहाऱ्यातून निसटले. चालू क्रिया दाखवण्यासाठी 'ऊन राहणे' ही जोडणी करणे ही विदर्भाच्या मराठीची ठळक खूण आहे. हिंदीतील 'देख रहा है' या रचनेशी तिचे साम्य उघड आहे आणि त्यात नवल काही नाही; नागपूर ही 1956 पर्यंत हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषकांच्या प्रांताची राजधानी होती आणि या दोन भाषांचा शेजार तर त्याहून कितीतरी जुना आहे.

आपण आपल्या बोलण्यावर राखण ठेवतो ती मुख्यतः शब्दांवर. ज्या शब्दाला एकदा कोणी हसले, तो शब्द माणूस लगेच टाकून देतो. 'पोट्टा' म्हणणारा 'मुलगा' म्हणू लागतो, मालवणी घरातला 'झील' आणि 'चेडू' घराबाहेर पडताना दाराशीच थांबतात, 'माका' आणि 'मले' यांच्या जागी 'मला' येते. कॅनडाचे भाषाशास्त्रज्ञ जे. के. चेंबर्स यांनी इंग्लंडच्या दक्षिण भागात राहायला गेलेल्या सहा कॅनडियन मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करून 1992 मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनाही हेच आढळले : नव्या ठिकाणचे शब्द मुलांनी लवकर उचलले, उच्चार मात्र सावकाश बदलले आणि काही बदललेच नाहीत. शब्द हा अंगरख्यासारखा बदलता येतो. वाक्याची घडण आणि उच्चाराची ठेवण यांचे तसे नाही.

वाक्याच्या घडणीचा आणखी एक नमुना पाहण्यासारखा आहे. 'काय करतोयस', 'काय करून राहिलास' आणि 'काय करायलास' हा एकच प्रश्न आहे, पण तिसरा ऐकताच जाणत्याच्या मनात मराठवाडा येतो. कोल्हापूरच्या परिसरातील पुष्कळ स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी आलो', 'मी जातो' अशी रूपे वापरतात, जी अन्यत्र केवळ पुरुषांच्या तोंडी असतात. अशी एखादी स्त्री अनेक वर्षे दुसऱ्या शहरात शिक्षिका असेल, वर्गात 'मी आले' असेच म्हणत असेल, परंतु घाईत किंवा माहेरच्या माणसाशी फोनवर बोलताना 'आलो आलो' असे तिच्या तोंडून निघतेच. अशा वेळी तिला स्वतःला काही वेगळे बोलल्याची जाणीवही नसते.

उच्चारांबाबत थोडी गुंतागुंत आहे. 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'य' ही वऱ्हाडीची लकब इतकी प्रसिद्ध आणि, दुर्दैवाने, इतकी चेष्टेचा विषय झालेली आहे, की ती जाणीवपूर्वक सुधारली जाते. पण जाणीवपूर्वक केलेली दुरुस्तीही माग ठेवते. जो 'ण' लहानपणी कानी पडलेला नसतो, तो मोठेपणी एकेका शब्दापुरता पाठ करावा लागतो. मग बोलताना 'ण'वर जरा जास्त जोर येतो किंवा जेथे 'न' हवा तेथेही 'ण' म्हटला जातो. अतिशुद्ध बोलणारा माणूस पुष्कळदा त्या अतिशुद्धपणामुळेच ओळखू येतो. याहीपलीकडे हेल असतो, म्हणजे वाक्याच्या शेवटी सूर कोठे चढतो, कोठे लांबतो, प्रश्न विचारताना कोणते अक्षर ओढले जाते. हेल लिपीत उतरत नाही, त्यामुळे कोणी शाळेत तो दुरुस्त करत नाही, आणि स्वतःचा हेल स्वतःला ऐकू येत नाही. तुमच्या सहप्रवाशाने तुमच्या क्रियापदावरून ओळखले की हेलावरून, हे ठरवता येणार नाही. कदाचित त्यांनाही ते सांगता आले नसते. ऐकणाऱ्याला ओळख आधी पटते आणि कारण तो नंतर शोधतो.

एक शक्यता मात्र विसरू नका : ते गृहस्थ स्वतःच विदर्भातले असावेत.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आहे. माझे माहेर मालवणी बोलणारे, यजमानांचे घर खानदेशातले आणि आम्ही राहतो तिसऱ्याच ठिकाणी. मुलगी माझ्यासारखेही बोलत नाही आणि त्यांच्यासारखेही नाही. तिने हे बोलणे आणले कोठून?

उत्तर : बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलींकडून आणि संध्याकाळी ज्यांच्याबरोबर ती खेळते त्या मुलांकडून. मूल पहिली भाषा घरात शिकते, परंतु शाळेत जाऊ लागले की त्याचे बोलणे आईवडिलांपासून सुटून बरोबरीच्या मुलांकडे झुकते. म्हणूनच बोलीवरून जे ओळखू येते ते जन्मगाव नव्हे आणि आईवडिलांचे गावही नव्हे; साधारणपणे पाच-सहाव्या वर्षापासून पौगंडावस्थेपर्यंतचा काळ जेथे आणि ज्यांच्यात गेला, ते ठिकाण ओळखू येते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातील मुले नऊ ते सतरा वर्षांची होती. सर्वांत लहान मुलाने नव्या ठिकाणचे बोलणे बरेच आत्मसात केले, सतरा वर्षांच्या मुलाने फारच थोडे, आणि मधल्या वयाच्या मुलांविषयी आधीपासून काहीच सांगता येत नव्हते. तेरा-चौदाव्या वर्षी गाव बदललेली भावंडे पुढे आयुष्यभर निरनिराळ्या तऱ्हेने बोलताना दिसतात, त्याचे कारण हे असावे.

तरीही आईवडिलांचा वाटा पूर्णपणे पुसला जातो, असे समजू नये. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या किंग ऑफ प्रशिया या वस्तीत आर्व्हिला पेन यांनी बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांचे बोलणे तपासले होते. साधे उच्चार मुलांनी सहज उचलले होते. परंतु फिलाडेल्फियाच्या इंग्रजीत 'अ‍ॅ' हा स्वर काही शब्दांत ताणून आणि काही शब्दांत आखूड उच्चारला जातो, आणि कोणत्या शब्दात कोणता, हे ठरवणारा नियम बराच किचकट आहे. ज्यांचे आईवडील त्याच भागात वाढलेले नव्हते, अशा मुलांना तो नियम पूर्णपणे साधला नव्हता, मग ती मुले स्वतः तेथेच जन्मलेली का असेनात. तेव्हा तुमच्या मुलीच्या बोलण्यात तुमचे काही शिल्लक आहे का, हे शोधायचे असेल तर शब्द तपासत बसू नका. तुम्हाला ते सापडेल असे खात्रीने सांगता येत नाही, पण असलेच तर अशा एखाद्या आडवळणी जागी असेल.

आणखी एक गोष्ट वयाशी नव्हे तर मनाशी संबंधित आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1961 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर पाहणी केली. उन्हाळी पाहुण्यांच्या गर्दीला कंटाळलेले कोळी, आणि पुढेही बेटावरच राहण्याचा निश्चय केलेले तरुण, यांच्या बोलण्यात बेटाचे जुने स्वर अधिक गडद झालेले त्यांना आढळले. ज्यांना बेट सोडून जायचे होते त्यांच्यात ते फिके होते. म्हणजे माणूस कोठे वाढला याबरोबरच त्याला कोठले म्हणवून घ्यायचे आहे, हेही त्याच्या तोंडून बाहेर पडत असते.

प्रश्न : एखादा माणूस अमुक एका भागातलाच आहे, असे निश्चित सांगणारा एकच शब्द असतो का?

उत्तर : असा शब्द हाती असल्याची खात्री आजवर ज्यांना वाटली, त्यांनी बहुधा त्याचा वापर माणसे मारण्यासाठी केला आहे. बायबलमधील शास्ते या पुस्तकात यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोकांनी प्रत्येक वाटसरूला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावल्याची कथा आहे. त्यांचे शत्रू असलेल्या एफ्राइमच्या माणसांना 'श' जमत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि तेथेच पकडले जात. मारल्या गेलेल्यांचा आकडा त्या कथेत 42,000 दिला आहे.

अभ्यासकांचा अनुभव मात्र एका शब्दाच्या विरोधात जाणारा आहे. जर्मनीत गेओर्ग व्हेंकर यांनी 1876 मध्ये गावोगावच्या शिक्षकांना काही ठरावीक वाक्ये पाठवून ती स्थानिक बोलीत लिहून मागवली. बोलींच्या सीमा नकाशावर स्पष्ट उमटतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दाची रेषा वेगळीच निघाली. 'करणे' या अर्थाचा शब्द 'माखन' की 'माकन', याची रेषा ऱ्हाइन नदीला बेनरात येथे ओलांडते, तर 'मी' या अर्थाचा शब्द 'इख' की 'इक', याची रेषा कित्येक मैल उत्तरेला उर्डिंगन येथे. मधल्या पट्ट्यातील माणूस एका शब्दावरून दक्षिणेचा ठरतो आणि दुसऱ्यावरून उत्तरेचा. आपल्याकडे ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 मध्ये निघाला. त्यात उधळ्या पुत्राची एकच गोष्ट अनेक बोलींत उतरवून घेतलेली आहे, आणि ती ओळीने वाचताना एक बोली संपून दुसरी सुरू झाली असे बोट ठेवून दाखवणे वाचकाला कठीण जाते.

त्यामुळे ओळख पटते ती एका शब्दाने नव्हे, अनेक शब्दांच्या जुळणीने. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने डिसेंबर 2013 मध्ये वाचकांसाठी 25 प्रश्नांची एक चाचणी दिली होती : अनेकांना उद्देशून तुम्ही काय म्हणता, खेळाच्या बुटांना काय म्हणता, अशा प्रकारचे प्रश्न. एकेका उत्तराने अर्धी अमेरिका मोकळी राहते, परंतु पंचवीस उत्तरांचे नकाशे एकावर एक ठेवले की गडद भाग आक्रसत जातो. तुमच्या कानातही तेच गणित चालते, फक्त तुम्ही ते मांडून दाखवत नाही.

प्रश्न : मग पोलिसांनी किंवा न्यायालयाने बोलीचा पुरावा का मानू नये?

उत्तर : मानतात, आणि कधीकधी तो थक्क करणारा ठरतो, अडचण होते ती तो कशाचा पुरावा आहे, हे विसरल्यामुळे. इंग्लंडमध्ये यॉर्कशर भागात स्त्रियांच्या हत्यांचे सत्र सुरू असताना जून 1979 मध्ये पोलिसांना एक ध्वनिफीत मिळाली. तीत एका पुरुषाने आपणच खुनी असल्याचे सांगितले होते. लीड्स विद्यापीठातील बोलींचे अभ्यासक स्टॅन्ली एलिस यांनी ती ऐकून, बोलणारा संडरलंड शहराच्या कासलटाउन या भागाच्या आसपास वाढलेला आहे, असे सांगितले. पोलिसांनी त्यावर विसंबून, तसे न बोलणाऱ्या संशयितांना बाजूला ठेवले. फीत बनावट असू शकते, असा इशारा खुद्द एलिस यांनी आणि त्यांचे सहकारी जॅक विंडसर लुईस यांनी दिला होता, पण तो मनावर घेतला गेला नाही. खरा खुनी पीटर सट्क्लिफ हा यॉर्कशरचाच होता आणि तसेच बोलत होता. 1981 च्या जानेवारीत तो सापडेपर्यंत त्याने आणखी तीन स्त्रियांचे जीव घेतले होते.

फीत पाठवणारा जॉन हंबल 2005 मध्ये पाकिटाच्या डिंकावरील डीएनएमुळे सापडला. तो संडरलंडचाच निघाला आणि एलिस यांनी सांगितलेल्या भागाच्या अगदी जवळ वाढलेला होता. भाषातज्ज्ञाचे उत्तर अचूक होते. पोलिसांनी ते भलत्या प्रश्नाला लावले.

आश्रय मागणाऱ्या निर्वासितांच्या बाबतीत आजही ही गल्लत होण्याचा धोका असतो. आपण अमुक देशाचे आहोत, असे सांगणाऱ्या पण कागदपत्रे नसलेल्या माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यावरून त्याचा देश ठरवण्याची पद्धत युरोपातील अनेक देशांनी स्वीकारली. तेव्हा भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने 2004 मध्ये मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध करून सांगितले, की बोलण्यावरून माणूस कोणत्या भाषासमाजात वाढला याचा अंदाज बांधता येतो, त्याचे नागरिकत्व त्यातून कळत नाही. जो मुलगा पाचव्या वर्षी सीमेपलीकडच्या निर्वासित छावणीत गेला आणि तेथेच मोठा झाला, तो छावणीतल्या मुलांसारखाच बोलणार, आणि त्याच्या कागदांवर मात्र पहिल्याच देशाचे नाव असणार.