पालकगट चालवणाऱ्यांचे प्रश्न

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकगटांविषयी या सदरात लिहिल्यावर जी पत्रं आली, त्यांत सर्वाधिक पत्रं असे गट बिनपगारी चालवणाऱ्यांची निघाली. त्यातले सहा प्रश्न इथे घेते. कुणी ओळखू येऊ नये म्हणून जिल्ह्याचं नाव तेवढं ठेवलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न. आम्ही चार आयांनी गट सुरू केला, आता व्हॉट्सॲपवर साठाच्या वर पालक आहेत. रात्री साडेअकरालाही फोन येतो. उचलला नाही तर अपराधी वाटतं, उचलला तर मुलाची झोप मोडते. बाकीच्या तिघी म्हणतात, ‘तुलाच छान जमतं.’ गट बंद करू का? (सातारा)

ताई, गट बंद करू नका. रात्रीचे फोन मात्र आजपासून बंद करा. साठ घरांचा भार एका आईच्या फोनवर असेल, तर तुम्ही आजारी पडलात त्या दिवशी साठही घरं पुन्हा एकटी पडतील. फोनसाठी वेळ ठरवा, समजा संध्याकाळी सात ते साडेआठ, आणि दर आठवड्याला नंबर बदला. या आठवड्यात तुमचा, पुढच्या आठवड्यात दुसरीचा. हे गटावर एकदाच स्पष्ट लिहा आणि पाळा. पहिले काही दिवस लोक रुसतील. रुसू द्या.

‘तुलाच छान जमतं’ हे कौतुक मनापासून असेल, पण त्यानं तुमचं काम तसूभरही हलकं होत नाही. आणि ‘जरा मदत करा ना’ म्हटलं की कुणीच पुढे येत नाही, कारण नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून काम नेमून द्या. हॉलची किल्ली हिनं आणायची. नव्या कुटुंबाला दारातून आत घेऊन शेजारी बसवायचं ते तिनं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फोनही तिनंच करायचा. बैठक चालू असताना मुलांजवळ दोन बाबा. ज्या महिन्यात तुमच्या मुलाचं बिनसलेलं असेल, त्या महिन्यात तुम्ही फक्त सभासद म्हणून या, बसा, बोला, रडावंसं वाटलं तर रडा.

आणखी एक सांगते, कारण तुमच्या पत्रात दर दोन ओळींनी ‘मला उत्तर देता आलं नाही’ असं आहे. गट चालवणारीला सगळी उत्तरं यायला हवीत असं कुणी ठरवलं? ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ एवढं बोललात तरी पुरे.

प्रश्न : गटातल्या एका बाबांनी कर्ज काढून मुलाला स्टेम सेल उपचार दिले. आता ते इतरांनाही त्याच केंद्राचा नंबर देतात. विरोध केला तर म्हणतात, ‘तुमच्याकडे दुसरं काय आहे?’ (सांगली)

आधी वैद्यकीय बाजू. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२च्या डिसेंबरमध्येच स्पष्ट केलं आहे. संशोधनासाठीची चाचणी असेल, तर तिच्यात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे लाखांत बिल आलं की तिथेच थांबायचं.

पण त्या बाबांना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका. त्यांनी घरदार पणाला लावलं आहे. ‘तुम्ही फसलात’ हे चारचौघांत ऐकून घेणं त्यांना शक्य नाही, मग ते आणखी जोरानं प्रचार करतील. चहाला बोलवा. किती गेले हे विचारू नका, मुलगा कसा आहे हे विचारा. मग गटाचा नियम सांगा : स्वतःचा अनुभव कुणीही सांगावा, मात्र कुठल्याही केंद्राचा नंबर, दर, पत्रक गटात द्यायचं नाही, आणि कुणाला पाठवल्याबद्दल कुठूनही पैसे घ्यायचे नाहीत. हा नियम सगळ्यांना सारखा हवा, तुमच्या आवडत्या थेरपिस्टलासुद्धा.

लसीमुळे ऑटिझम होतो असा संदेश गटावर आला, तर मात्र वाट पाहू नका, त्याच क्षणी काढून टाका. ज्या १९९८च्या शोधनिबंधामुळे ही भीती पसरली, तो ‘लॅन्सेट’नं २०१०मध्ये मागे घेतला. एखाद्या घरानं धाकट्याची गोवराची लस चुकवली, तर त्याची किंमत त्या बाळाला मोजावी लागेल.

‘तुमच्याकडे दुसरं काय आहे’ हा त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर द्या. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, चित्रकार्डांनी मुलाला आपली मागणी सांगता येणं, घरातल्यांनी मुलाशी कसं वागावं याचं शिक्षण. हे सगळं हळू चालतं. कुणी हमी देत नाही. त्या वाटेवर सोबत असावी म्हणून तर गट आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. माझं मूल स्वमग्न नाही. गटात मदत करायला जाते, पण पालक म्हणतात, ‘तुम्हाला नाही कळायचं.’ (नाशिक)

बाई, त्यांचं म्हणणं मान्य करा आणि कागदपत्रांचं काम हातात घ्या. त्यासाठी मूल स्वमग्न असावं लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती शिक्षकांकडे भरपूर असते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जी मोजपट्टी वापरतात, तिच्यात चाळीस मुद्दे असतात. मूल घरी कसं वागतं हे पालकांनी आधीच लिहून नेलं तर तिथल्या गडबडीत काही सुटत नाही. ते लिहायला तुम्ही सोबत बसा. दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) हातात आलं की ‘निरामय’ आरोग्य विम्याचा अर्ज करता येतो. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही बसतो. जुन्या करप्रणालीत पालकांना ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण त्यासाठी शाळेकडून अर्ज वेळेत जावा लागतो. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये कसं बोलायचं हे तुमच्याइतकं गटात कुणाला ठाऊक असेल?

आणि ज्यांची मुलं सतरा वर्षांची झाली आहेत त्यांची वेगळी यादी करा. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ज्यांना गरज आहे त्यांनी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे अध्यक्ष असतात, तिच्याकडे अर्ज करायचा असतो. बँकेत अडल्यावरच हे बहुतेकांना कळतं.

प्रश्न : अमेरिकेतले एक नातेवाईक आमच्या गटाला देणगी देऊ इच्छितात. नोंदणी करावी का? (कोल्हापूर)

महिन्यातून एकदा भेटता, चहा आणि हॉलचं भाडं वाटून घेता, तोवर गरज नाही. देणगी घ्यायची असेल तर सात जण मिळून संस्था नोंदवा आणि धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणूनही नोंद करा. नातेवाइकांकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांची देणगी परदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, अगदी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, परदेशी देणग्यांच्या कायद्याची परवानगी हवी. तुमच्या स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका.

प्रश्न : गेल्या बैठकीत एक आई म्हणाली, ‘कधी कधी वाटतं, याला घेऊन सगळं संपवून टाकावं.’ सगळे गप्प झाले. कुणीतरी ‘असं बोलू नये’ म्हणालं आणि विषय बदलला. मी काय करायला हवं होतं? (रत्नागिरी)

अजून वेळ गेलेली नाही. हे वाचणं इथेच थांबवा आणि त्यांना फोन करा, जमलं तर घरी जा.

थेट विचारा : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का? मुलाचंही काही करावंसं वाटतं का?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. कसं आणि कधी हे त्यांनी ठरवलेलं असेल, तर त्यांना आणि मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. त्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाला बोलवा, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, तातडी असेल तर ११२ लावा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर बैठकीच्या जागी मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

तसं काही ठरवलेलं नसेल, तर विचारा : सलग झोप शेवटची कधी मिळाली? घरात मुलाला कोण धरतं? अनेकदा उत्तर असतं, कुणीच नाही. मग गटातल्या दोघांनी शनिवारी दुपारी तीन तास त्या मुलाजवळ बसायचं, आणि आईनं फक्त झोपायचं. हे पुढचे कितीतरी शनिवार चालू ठेवावं लागेल. डॉक्टरांकडे मात्र तरीही न्यायचंच.

घरात त्यांना काय ऐकावं लागतं तेही हळूच काढून घ्या. ‘ग्रहणात भाजी चिरलीस’, ‘पोटात असताना मोबाइल बघत बसलीस’. एकेकाळी तज्ज्ञसुद्धा असाच आईला दोष देत होते. आई थंड असते म्हणून मूल असं होतं, हे गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले नामवंत डॉक्टर सांगत असत. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, स्वतः स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४मध्ये या मताला पुराव्यांनिशी आव्हान दिलं आणि पुढच्याच वर्षी इतर पालकांना सोबत घेऊन तिथली संघटना उभी केली. त्या आईला हे सांगा. तिच्या सासूबाईंना आणि नवऱ्यालाही बैठकीला आणा आणि त्यांच्यासमोर सांगा.

‘इथलं बोलणं इथेच राहील’ हा नियम सांगताना त्याचा अपवादही दर बैठकीच्या सुरुवातीला सांगत जा : जिवाला धोका असेल तर आम्ही गप्प राहणार नाही. मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, तिथे गटानं आपसात मिटवायचं काही नसतं.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा, स्वमग्न. आईबरोबर बैठकीला गेलो. पालक मुलांसमोरच ‘आमच्यामागे याचं काय होणार’ म्हणून रडत होते. एकीनं मुलाच्या मेल्टडाउनचा (सगळं असह्य होऊन ताबा सुटतो, त्याचा) व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. ट्यूबचा आवाज सहन होईना, मी बाहेर गेलो. मला गटात काम करायचं आहे, पण मला ते पेशंट समजतात. (पुणे)

तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पालकांना रडायला जागा हवी. ती मुलांसमोर नको. जिम सिंक्लेअर हे स्वतः स्वमग्न. टोरांटोच्या परिषदेत १९९३मध्ये त्यांनी पालकांना हेच सांगितलं होतं : मनात ठरवलेलं मूल मिळालं नाही याचं दुःख तुम्हाला होणार, पण ते दुसरीकडे हलकं करा, समोरचं मूल जिवंत आहे आणि तुमची वाट बघत आहे. न बोलणाऱ्या मुलाला समजत नाही हे गृहीत धरून मोठी माणसं त्याच्यादेखत काय काय बोलतात. तो ऐकत असतो.

गटप्रमुखांना माझं सांगणं असं. व्हिडिओ दाखवायचा नाही, पाठवायचाही नाही. डॉक्टरांना दाखवण्यापुरता आईच्या फोनमध्ये राहू द्या. मुलं दुसऱ्या खोलीत, किंवा पालकांची बैठक वेगळ्या दिवशी. आणि गट चालवणाऱ्यांत निदान दोन मोठी स्वमग्न माणसं हवीत, निर्णयात मत असलेली. ज्यांना बोलून सांगणं जड जातं, त्यांनी लिहून मत द्यावं.

तुम्हाला एक सुचवते. पुढच्या बैठकीआधी हॉल बघायला गटप्रमुखांसोबत तुम्ही जा. कुठली ट्यूब गुणगुणते, कुठला पंखा कुरकुरतो, शांत बसायला कुठली खोली देता येईल, दाराशी गर्दी कशी टाळायची, हे सगळं तुम्ही लिहून द्या. बैठकीची वेळ आणि क्रम चार दिवस आधी सगळ्यांना कळवायचं कामही मागून घ्या.