जनरेटर पडवीत नको, अंगणात ठेव

जनरेटर घेतलास ते बरं केलंस. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या श्रीवर्धन-दापोलीकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हापासून मीही वापरतोय.

पाऊस लागला की मशीन पडवीत ओढावंसं वाटतं. तेवढं करू नकोस रे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. घरापासून निदान वीस फूट लांब ठेव, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांकडे नको. वर पत्रा घाल, पण चारही बाजू मोकळ्या सोड.

आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर जनरेटरमधून घरच्या सॉकेटात खुपसायची नाही, कुणी कितीही सांगो. ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो व्होल्ट होते आणि लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनचा जीव घेते. परवानाधारक माणसाकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइनची किंवा जनरेटरची, एकच वीज घराला जोडणारा) बसवून घे. तोवर फ्रिज थेट जनरेटरलाच जोड.

पेट्रोल भरायचं ते मशीन बंद करून, गार झाल्यावरच. मी पंधरा मिनिटं तरी थांबतो.