मऊ तोंडाचा हातोडा: वाचकांच्या शंका

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या लहान वर्कशॉपांतून एकच शंका पुन्हा पुन्हा येते: फिनिश झालेल्या जॉबवर (घडवलेल्या भागावर) व्रण न उठवता ठोकायचं कशाने? हातोड्याचं तोंड जॉबपेक्षा मऊ हवं. झिजायचं ते तोंडाने, जॉबने नाही.

प्रश्न: स्वतःच्या लेथवर असा हातोडा करायचा आहे. मापं द्याल का? (मच्छे)

उत्तर: डोक्याला ४० मिमी व्यासाचा, ७० मिमी लांब एमएस (साध्या मऊ पोलादाचा) राऊंड बार घ्या. मधोमध दांड्यासाठी २० मिमीचं आरपार छिद्र. दोन्ही टोकांना १०.२ मिमीचं ड्रिल टोकासकट २२ मिमी खोल आणि एम १२ टॅपने (छिद्रात आटे पाडायच्या हत्याराने) १२ मिमीचे आटे. ड्रिल २५ मिमीच्या पुढे गेलं, तर दांड्याच्या छिद्रात निघतं. डोकं साधारण सहाशे ग्रॅमचं होतं.

एका बाजूला ३० मिमी लांब नायलॉन, दुसऱ्या बाजूला पितळ, पण पितळ १२ मिमीच. तेही ३० ठेवलंत तर ते एकटंच तीनशे ग्रॅमवर जातं आणि हातोडा एका बाजूला कलतो. पितळाचे आटे त्याच तुकड्यात कापा. नायलॉनचे मुळाशी तुटतात, तिथे स्टीलचा स्टड (आटे पाडलेली सळई) घाला, तोही नायलॉनमध्ये १५ मिमीच आत. नायलॉन झिजून स्टडपुढे ५ मिमी उरलं की तोंड बदला. ‘चालतंय अजून’ म्हणत राहिलात, तर एक दिवस स्टडच जॉबवर बसेल. टॅप पहिल्यांदाच मारत असाल, तर जाणत्या टर्नरला शेजारी उभा करा.

प्रश्न: दुकानात नायलॉन म्हणून स्वस्त काळा रॉड मिळाला, चालेल? (बेळगाव)

उत्तर: तुकडा कापून पाण्यात टाका. नायलॉन बुडतं. तरंगला तर ते नायलॉन नाही, रॉड परत करा. बुडाला म्हणजे नायलॉनच असंही नाही, पीव्हीसीही बुडतं. पक्क्या बिलावर मटेरियलचं नाव लिहून घ्या.

प्रश्न: टायरचा तुकडा चिकटवला तर? (निपाणी)

उत्तर: नको, चिकटवलेला तुकडा उडून डोळ्यावर येतो.

प्रश्न: उन्हाळ्यात दांडा ढिला होतो. पाण्यात भिजवावा म्हणतात. (खानापूर)

उत्तर: भिजवल्यावर लाकूड फुगतं, छिद्रात दाबलं जातं आणि वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. सरळ रेषेची, पुरती वाळलेली बाभूळ घ्या. छिद्राचं वरचं तोंड कानशीने थोडं लांबट करा, म्हणजे पाचर मारल्यावर लाकूड तिथे फाकून धरून ठेवतं.

प्रश्न: जुन्या बॅटरीचं शिसं घरच्या गॅसवर वितळवून हातोडा ओतायचा आहे. आमच्याकडे सगळे करतात. नंतर गूळ खाल्ला की झालं, म्हणतात.

उत्तर: करू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं म्हणून काम सोपं वाटतं, आणि घात तिथेच होतो. बॅटरी फोडली की गंधकाचं आम्ल सांडतं. प्लेटांवरचा लगदा वाळून भुकटी होते. ती नखांत, शर्टाच्या बाहीत, ओट्याच्या सांध्यात बसते आणि तिथून पोरांच्या तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम भरून येत नाही, आणि शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. साचा जरासा ओला राहिला तर पाण्याची वाफ होऊन वितळलेलं शिसं अंगावर उडतं, हे ओतकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. गुळाने शिसं उतरत नाही. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी फोडायची नसते, विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यायची असते. घरात आधीच शिसं वितळवलं असेल, तर पोटदुखीची वाट पाहत बसू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि मुलांसकट सगळ्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. हातोड्याला तांबं आहे, पितळ आहे, नायलॉन आहे. शिशावाचून काही अडत नाही.

प्रश्न: तांब्याचं तोंड वापरून कडक झालं. (उद्यमबाग)

उत्तर: ठोकून तांबं कडक होतंच. तोंड काढून मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ पडतं. फुललेली कड आधी कानशीने उतरवा, तिचेच कपचे उडतात. चष्मा घाला.

प्रश्न: याच हातोड्याने शाफ्टवर बेअरिंग बसवू का?

उत्तर: थेट नाही. तांब्या-पितळेचे कण आत पडतात. आतल्या रिंगवर नीट बसेल असा पाइपचा तुकडा ठेवून त्यावर मारा. बाहेरच्या रिंगवर मारलं तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. फिट फारच घट्ट असेल, तर ठोकणं थांबवून प्रेसवाल्या फिटरकडे न्या.