चालू पॅनेलवर बोल्ट टाइट करायचा का?

प्रश्न : आमच्या ४१५ व्होल्टच्या मेन पॅनेलमध्ये बसबारचा (करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीचा) एक जॉइंट गरम होतोय. शटडाऊन मिळत नाही. सुपरवायझर म्हणतात, रबरी ग्लोव्हज घाल, इन्सुलेटेड पाना घे आणि लाइन चालू असतानाच बोल्ट आवळून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. करू का?

उत्तर : नाही, अजिबात करू नका.

रबरी ग्लोव्हज शॉकपासून वाचवतात, पण इथे खरी भीती आर्क फ्लॅशची आहे. पाना घसरला किंवा तुटका वॉशर दोन फेजमध्ये पडला की हवेतूनच करंट वाहायला लागतो, आर्कचं तापमान जवळपास २०,००० अंशांपर्यंत जाऊ शकतं, तांब्याची वाफ होते आणि ती वाफ मूळ तांब्याच्या हजारो पट जागा घेते म्हणून पॅनेलमधून अक्षरशः स्फोट होऊन बाहेर येते. त्यावेळी तुमचा चेहरा बसबारपासून हातभर अंतरावर असतो.

आणि ४१५ व्होल्ट म्हणजे कमी, हे तर डोक्यातून काढूनच टाका. १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पीडन्सचा (करंटला होणाऱ्या आतल्या अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर धरा, त्याच्या टर्मिनलवर पक्का शॉर्ट झाला तर साधारण २८ हजार अँपिअर येतात. आर्कमध्ये करंट याहून बराच कमी असतो, आणि खरी गोम इथेच आहे, कारण करंट कमी म्हणून वरचा ब्रेकर कधीकधी लगेच ट्रिपच होत नाही. अंगावर येणारी उष्णता आर्क किती वेळ टिकला त्यावर वाढत जाते, ०.१ सेकंदाऐवजी ०.५ सेकंद लागले तर ती पाचपट होते. दर चौरस सेंटीमीटरला १.२ कॅलरी पडली तरी उघड्या कातडीवर फोड येण्याइतकं भाजतं.

जॉइंट गरम आहे म्हणजे शटडाऊन आज ना उद्या घ्यावाच लागणार आहे, तोपर्यंत लोड कमी करा, थर्मल कॅमेऱ्याने लक्ष ठेवा आणि सुपरवायझरना हे लेखी द्या. शटडाऊन मिळाल्यावरही घाई नको. इन्कमर (पॅनेलला सप्लाय देणारा मुख्य ब्रेकर) ऑफ केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलला सप्लाय असतोच, हे लोक हमखास विसरतात, जनरेटर किंवा कंट्रोल सप्लायकडून बॅकफीडही (उलट बाजूने सप्लाय) येऊ शकतो. म्हणून सगळे सोर्स बंद करून लॉक आणि टॅग लावा. मग टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, नंतर बसबारवर लावा, परत चालू लाइनवर तपासा. तोवर पॅनेल लाइव्हच समजायचं, म्हणजे हे चेक करतानाही आर्क सूट (आर्कच्या उष्णतेपासून वाचवणारा पोशाख) अंगावर हवा.

प्रश्न : कंपनीने ८ कॅलरीचा (दर चौरस सेंटीमीटरला ८ कॅलरीपर्यंत उष्णता झेलणारा) आर्क सूट दिलाय, तो सगळ्या पॅनेलला चालेल ना?

उत्तर : पॅनेलवरच्या आर्क फ्लॅश लेबलवर किती कॅलरी लिहिल्यात ते बघा. ८ पेक्षा जास्त असतील तर हा सूट तिथे पुरणार नाही. लेबलच नसेल तर आधी आयईईई १५८४ (आर्क फ्लॅशची उष्णता काढण्याचं स्टँडर्ड) प्रमाणे स्टडी करून घ्यायला सांगा, अंदाजाने सूट निवडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. सूटच्या आत पॉलिस्टरचा टीशर्ट घालू नका, तो वितळून कातडीला चिकटतो आणि जखम जास्त खोल होते.

प्रश्न : ब्रेकर रॅक-आउट करताना (पॅनेलमधल्या जागेवरून बाहेर सरकवताना) दार उघडं ठेवलं तर चालतं का? आत बघायला सोपं पडतं.

उत्तर : दार बंदच ठेवा. आधी ब्रेकर ऑफ असल्याचं इंडिकेटरवर नीट बघून घ्या, रिमोट रॅकिंगची (लांबूनच ब्रेकर सरकवण्याची) सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर पूर्ण सूट घालून करा आणि मदतनीसाला पॅनेलसमोर उभं करू नका.