आमच्या क्लासच्या वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून मेल जावा म्हणून पीएचपी या कोडच्या भाषेतलं मेल फंक्शन वापरलंय. ते ‘ट्रू’ देतंय, फॉर्मवर ‘धन्यवाद’ही दिसतं, पण क्लासच्या आयडीवर मेल येतच नाही, स्पॅममध्येही नाही. माझ्या जीमेलवर मात्र येतो. काय करू?

सगळ्यात आधी त्या ‘ट्रू’वर भरवसा ठेवू नका. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रॅमने मेल ताब्यात घेतला. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने पाकीट घेतलं म्हणजे ते सातव्या मजल्यावर पोचलं असं होत नाही ना, तसंच.

आता तुम्ही लिहिलंय की जीमेलवर येतो पण क्लासच्या स्वतःच्या डोमेनवरच्या आयडीवर येत नाही, आणि तो आयडी गूगल वर्कस्पेसवर, म्हणजे स्वतःच्या डोमेनसाठीच्या गूगलच्या मेलसेवेवर, आहे. हे वाचलं आणि मला घणसोलीचे एक केटरर काका आठवले, त्यांची साइट मी केली होती. मी राहतो कळव्याला, दोन संध्याकाळी ऑफिसमधून सुटून त्यांच्याकडे जाऊन बसलो, हेडर बदलले, कोड दोनदा नव्याने लिहिला, काका चहा देत होते आणि मधूनमधून "फॉर्म कोणी भरतच नसेल रे" असं म्हणत होते. शेवटी सीपॅनेलमधलं (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) ‘ट्रॅक डिलिव्हरी’ उघडलं तर तिथे प्रत्येक मेलसमोर हिरवी खूण! डिलिव्हर झालेले होते, पण त्याच होस्टिंगवरच्या एका जुन्या मेलबॉक्समध्ये, जो कोणी कधी उघडलाच नव्हता. लग्नाच्या सीझनच्या चौकश्या तिथे पडून. काकांचा चेहरा आठवला की अजून कसंतरी होतं.

कारण असं की ‘ईमेल राउटिंग’ लोकलवर होतं, म्हणजे सर्व्हरला वाटतं की या डोमेनचे मेल माझ्याकडेच राहतात, मग तो एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ती नोंद, बघायला बाहेर जातच नाही. तिथे ‘रिमोट मेल एक्सचेंजर’ निवडायचं, झालं. तुमचंही नव्वद टक्के हेच असणार, आधी हेच बघा. सीपॅनेल नसेल तर सर्व्हरवर मेलचा लॉग वाचा, बहुतेक वेळा तो ‘/var/log’ फोल्डरमध्ये असतो, किंवा होस्टिंगवाल्यांकडे तुमच्या एका मेलची वेळ देऊन त्याच्या लॉगची ओळ मागा. ओळ वाचल्याशिवाय कोडला हात लावू नका, मी लावला म्हणून सांगतोय.

दुसरी गोष्ट, तुमच्या कोडमध्ये ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच आयडी टाकलाय. सगळे असंच करतात, कारण मग सरळ रिप्लाय देता येतो. पण तुमचा सर्व्हर याहूच्या नावाने मेल पाठवायला लागला तर समोरचा तो का घेईल? याहूने 2014 मध्येच डीमार्कमध्ये (आपल्या डोमेनच्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं ती जाहीर नोंद) सांगून ठेवलंय की आमच्या नावाने भलतीकडून मेल आला तर परत पाठवा. त्यामुळे ‘फ्रॉम’ कायम आपल्या डोमेनचा, आणि विद्यार्थ्याचा आयडी ‘रिप्लाय-टू’मध्ये. रिप्लायची सोय तशीच राहते.

मग एसपीएफ, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल सगळ्यांकडून निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यातलं एक मागतं, रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तर दोन्ही आणि वर डीमार्क. एसपीएफ रेकॉर्ड डोमेनला एकच चालतो हं, गूगलचा एक आणि होस्टिंगचा दुसरा असे दोन टाकले की दोन्ही बाद, एकाच ओळीत दोघांना घ्यायचं. तुमच्या जीमेलवर जो मेल पोचलाय तो उघडून ‘शो ओरिजिनल’ बघा, वरच एसपीएफ पास की फेल लिहिलेलं असतं.

आणि खरं सांगायचं तर हे नुसतं मेल फंक्शन सोडाच. पीएचपीमेलर ही मेल पाठवायची तयार लायब्ररी घ्या, वर्कस्पेसच्या आयडीने लॉगिन करून 587 पोर्टवरून पाठवा, 25 नंबरचा पोर्ट बऱ्याच क्लाउडवाल्यांनी बंदच ठेवलेला असतो. नेहमीचा पासवर्ड तिथे चालणार नाही, गूगल खात्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. अडलं तर निदान गूगलचा सर्व्हर काय म्हणतोय ते एररमध्ये तरी दिसतं.

राउटिंग बदलायच्या आधी मात्र तो जुना मेलबॉक्स वेबमेलमधून एकदा उघडा. ॲडमिशनच्या चौकश्या तिथेच पडल्या असतील.