पाना त्यांच्याच हातात राहू दे

उद्यमबाग, बेळगाव

पोरा,

परवा तू आलास, तासभर बसलास आणि जाताना दारात म्हणालास, "काका, नक्की काय करू तेच कळंना." तेव्हा मशीनवर काम लागलं होतं, गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं, म्हणून मी नुसतं "बघू" म्हटलं. रात्री झोप लागली नाही. तुला "बघू" म्हणून वाटेला लावणं बरोबर नव्हतं, म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. आई गेल्यापासून पप्पा बोलत नाहीत. तू बेंगळूरहून फोन करतोस, "जेवलात काय?" "जेवलो." फोन खाली. शहापुरातल्या घराच्या बोळात ताडपत्रीखाली १९८४ची प्रीमियर पद्मिनी गाडी नऊ वर्षं उभी आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हाचे फोटो बघून तुझ्या डोक्यात हे आलं. पुण्याच्या एका माणसानं साडेचार लाख सांगितलेत, आठ महिन्यांत नवीकोरी करून देतो म्हणतोय. पप्पा तुझ्या ताईकडे गेले की गाडी उचलायची, परत आल्यावर "भंगारात दिली" म्हणून सांगायचं आणि पासष्टीच्या दिवशी दारात आणून उभी करायची.

भंगारात दिली म्हणून सांगायचं! आठ महिने त्या माणसानं तसं समजून राहायचं? अगोदरच घरातलं एक माणूस गेलंय.

तुझं मन चांगलं आहे यात मला शंका नाही. तुझा पगार किती, पैसे घालण्यासारखी गाडी आहे की नाही, हेही मी विचारत नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलास तरी वाच. वडिलांच्या हातातला पाना काढून घेऊ नकोस.

हे मला कुणी सांगितलं नाही. मी काढून घेतला होता, म्हणून माहीत आहे.

माझ्या आप्पांची गाडी १९७०ची, फियाट ११०० डिलाइट. तुमच्या पद्मिनीची थोरली बहीण म्हण. कुर्ल्याचा कारखाना तोच, इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला. टिळकवाडीच्या एका वकिलांकडून आप्पांनी ती १९७८ साली जुनी घेतली. लेथवर काम करणारा माणूस, त्यात दोन मुलं, एक मुलगी. घरात आई आठ दिवस बोलली नव्हती. पण ती गाडी आप्पांनी कधी गॅरेजला दिली नाही. रविवार सकाळ, अंगात जुनी बंडी, बॉनेट उघडं. मी बॅटरी, म्हणजे टॉर्च, धरून उभा. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे तुकडे, काढायचे, पॉलिश पेपरनं हलकेच घासायचे, फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, घालून बघायचं, परत बसवायचे. ते पातं पॉइंटांच्या मधून जाताना किंचित अडकलं पाहिजे, ओढलं तर निसटलं पाहिजे. आप्पा ते माझ्या बोटात द्यायचे, माझं बोट धरून ओढायचे आणि म्हणायचे, "हे कळलं काय? डोळ्यानं नाही, बोटानं कळतंय." माझ्या वडिलांनी माझा हात हातात धरलेला मला आठवतो तो तेवढाच.

१९८१च्या मे महिन्यात सावंतवाडीहून येताना आंबोलीच्या घाटात गाडी बंद पडली. या गाड्यांचं उन्हाळ्यात असंच व्हायचं. चढावर इंजिन तापलं की त्याच्या अंगालाच असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक होता. ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि थांबायचं. आईनं कळशीतलं पाणी ओतून पंचा भिजवून दिला. आप्पांनी तो पंपावर गुंडाळला आणि मला म्हणाले, "धरून बस. दहा मिनिटं."

त्या दहा मिनिटांत आप्पांनी मला सांगितलं की सातवीत त्यांचा वर्गात दुसरा नंबर होता, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना फौंड्रीत कामाला लावलं. पहिल्या आठवड्यात तळहात भाजला, तर घरी सांगितलं नाही, डावा हात पाठीमागं ठेवून जेवले. मी तेरा वर्षांचा होतो. त्यांचा डावा तळहात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. मग गाडी चालू झाली, आणि त्या विषयावर ते पुन्हा कधीही बोलले नाहीत.

तू म्हणतोस पप्पा बोलत नाहीत. अरे, ती पिढी समोरासमोर बसून बोलणारी नाहीच! समोर बसवून "पप्पा, मन मोकळं करा" म्हटलंस तर ते उठून पाणी प्यायला जातील. दोघांचे डोळे इंजिनात असले, हात काळे झालेले असले, नट जाम झालेला असला की एखादं वाक्य निघतं. तेही तुझ्यासाठी म्हणून नव्हे, हात कामात असतो म्हणून. आणि त्यासाठी पाना कुणाच्या हातात पाहिजे? तुझ्या नाही, पुण्याच्या त्या माणसाच्या तर नाहीच.

आता माझं ऐक. १९९६ साली मी पुण्यात नोकरीला होतो, पगार बरा होता. आप्पांनी माझ्यासाठी इतकं केलं, आपण काहीतरी करावं असं वाटलं. अगदी तुझ्यासारखंच. गाडी ट्रकवर घालून तिकडच्या एका वर्कशॉपला दिली. सात महिने. त्यांनी पत्रा बदलला, रंग दिला, पुढं बकेट सीट टाकली आणि "साहेब, हे जुनं काढून टाकू" म्हणून स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली फ्लोअर गिअर केला. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मी हो म्हणालो. त्या काळात सगळे तसंच करत होते आणि मला ते चांगलंच वाटलं. मी काही वाईट मुलगा नव्हतो. माझ्या भावानं तर आप्पांना कधी धोतरजोडीसुद्धा आणली नाही. पण ते असो.

गाडी दारात आली. गल्लीतली माणसं जमली. आईनं ओवाळलं. आप्पा आत बसले, क्लच दाबला आणि डावा हात सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेला. तिथं काही नव्हतं. हात हवेतच थांबला, मूठ मिटली आणि मग तो त्यांनी हळूच गुडघ्यावर ठेवला. "छान झाली," म्हणाले.

त्यानंतर ती गाडी त्यांनी चालवली नाही. रोज पुसायचे मात्र. आणि रोज संध्याकाळी शेजारच्या मास्तरांकडे जाऊन त्यांची लुना खोलून बसायचे. मी सुट्टीत आलो की बघायचो, नवीकोरी फियाट दारात आणि माझा बाप दुसऱ्याच्या लुनाचा कार्बोरेटर रॉकेलात धूत बसलेला. मला राग यायचा. एवढे पैसे घातले, किंमत नाही! असं मी बायकोपाशी बोललोही आहे. त्यांना आमच्या गाडीत करायला मी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं, हे कळायला मला त्यांच्या जाण्यानंतरचीही काही वर्षं लागली. ते २००४ला गेले.

मी बेळगावला परत आलो, त्यांचं दुकान चालवायला घेतलं आणि ती गाडी होती तशी करायला बसलो. भंगारवाल्यांकडे हिंडून स्टिअरिंग गिअरचा सेट मिळवला. त्याचे बुश झिजलेले होते, ते उद्यमबागेतच करून घेतले. या गावात पैसे मोजून मिळत नाही ती वस्तू टर्निंग करून मिळते. टर्नर कानडी, म्हातारा, मी घाई केली की म्हणायचा, "स्वल्प तडीरी." जरा थांबा. पॉइंट परत बसवले. भाऊ म्हणाला, आता कुणासाठी करालास? मुलगा म्हणतो, बाबा, इलेक्ट्रॉनिक चांगलं होतं, घासायची कटकट नव्हती. त्यांचं बरोबर असेल. मला ती कटकट पाहिजे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नवीन नंबर मिळतो, वीस हजार फी, तो घे असं सगळे सांगतात. पण मग गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शनाला नाहीतर रॅलीला न्यायची. मी घेतला नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचं साधं रिन्यूअल करतो आणि रविवारी राकसकोपपर्यंत जाऊन येतो. माझा हट्ट आहे, असू दे.

आता तुझ्या गाडीचं. ही गाडी चासीसवर बसवलेली नाही, सगळी बॉडी एकसंध आहे, म्हणजे खालचा पत्रा हाच तिचा कणा. आणि आपला पाऊस तुला माहीत आहे. ताडपत्रीनं वरचं पाणी अडतं पण खालची ओल आतच राहते. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघायचं, तसंच बॅटरीखाली आणि जॅक लावतात तिथं. आरपार गेला तर आधी गॅस वेल्डिंग, बाकी सगळं नंतर. वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागायचं नाही. पेट्रोलचे सगळे पाईप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) बदलायचा, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं. आपल्या चिकोडी-निपाणीकडच्या उसाचंच ते इथेनॉल, पण या गाडीच्या पोटाला सोसत नाही. टाकी उतरवून आतून धुवायची. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस ठेवायचं आणि मग इंजिन हातानं फिरवायचं. फिरतंय का बघितल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. ब्रेकचे सिलिंडर जाम असणारच.

हे सगळं मी तुला सांगतोय, पण यातलं एकही तू पप्पांना सांगायचं नाहीस. कळलं काय? "काका म्हणाले डायफ्रॅम बदला" असं म्हणायचं नाही. त्यांना विचारायचं. त्यांनी ती गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवली आहे. गिअर अडकला की बॉनेट उघडून कुठला दांडा कुठं ढकलायचा हे तुझ्या यूट्यूबपेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. ते चुकलेले दिसले तरी बोलू नकोस. उलटा वॉशर घातला तर घालू दे, तेल गळलं की त्यांचं त्यांनाच कळेल आणि परत खोलतील. तेवढाच आणखी एक रविवार.

हो, वेळ जाईल. पुण्याचा माणूस आठ महिने म्हणतो, तुम्हाला दोन वर्षं लागतील. तू महिन्यातून एकदा येणार, त्यात एकदा पाऊस, एकदा कुणाचं लग्न. लागू देत. तुला गाडी पाहिजे की पप्पा पाहिजेत? मला वाटलं होतं दोन्ही एकदम मिळतील, पैसे दिले की झालं.

तू कामच करायचं नाहीस असं मी म्हणत नाही. तुझ्यासाठी कागदाचं काम आहे. गाडी तुझ्या मामांकडून आलेली, कोल्हापूर पासिंगची. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली की इकडचा नंबर घ्यावा लागतो. त्याला तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, आणि रिन्यूअल कधी संपलंय देव जाणे. ते सगळं तू बघ, मोबाईलवर बसून कर, खेटे घाल, पैसे भर. त्यात पप्पांना ओढू नकोस. आणि बॅटरी धरायला उभा राहा. बॅटरी हलवू नकोस, माझे आप्पा त्यावरून फार चिडायचे.

इंजिनाचं बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून घ्यायचं ठरलं तर ब्लॉक माझ्याकडे आणा. पण घेऊन त्यांनी यावं. मी त्यांच्याशीच बोलेन, तुझ्याशी नाही. राग मानू नकोस.

एक राहिलं. किल्ली हरवली आहे, खडेबाजारात डुप्लिकेट करून घेतो, असं तू म्हणालास. करू नकोस. नऊ वर्षं दर पावसाळ्याआधी जो माणूस ताडपत्री बदलतोय, त्याच्याकडून किल्ली हरवत नसते. घरी जा, सरळ विचार, "पप्पा, गाडीची किल्ली कुठं आहे?" आणि ते आत जाऊन येईपर्यंत मोबाईल न काढता दारातच थांब.

तुझा,
काका